सोळा सेल, एक पंप आणि चुकीच्या डब्यातला न्यूट्रल

इमारत तीन मजल्यांची. वीज गेल्यावर चालाव्यात म्हणून बॅटरीच्या बॅकअपवर घ्यायच्या होत्या फक्त सामाईक गोष्टी: जिन्यातले दिवे, कॅमेरे, इंटरकॉम, इंटरनेटचा राउटर आणि जमलं तर पाण्याचा पंप. मी विजेच्या क्षेत्रातली नाही. परवानाधारक वायरमन काका सोबत होते, आणि जिथे हात घालायचा नाही तिथे त्यांनीच घातला. दर जागोजागी वेगळे असतात, म्हणून खर्च टक्क्यांत लिहिलाय. काम सहा आठवड्यांत होईल असा अंदाज होता, लागले साडेचार महिने.

३ फेब्रुवारी

जुनी बँक: १२ व्होल्टच्या १५० एएच (ॲम्पिअर-तास) ट्यूब्युलर बॅटऱ्या, चार एका ओळीत. कागदावर ७.२ युनिट. शिसं-आम्लाच्या बॅटरीतून निम्मीच वीज काढायची असं धरलं तरी साडेतीन युनिट मिळायला हवेत. मेन बंद करून ४०० वॉटचा भार टाकला आणि घड्याळ लावलं. १ तास ५० मिनिटांत इन्व्हर्टर कोकलायला लागला. म्हणजे पाऊण युनिटसुद्धा नाही.

भार चालू असतानाच चारही बॅटऱ्यांचं व्होल्टेज घेतलं. तीन १२.१ च्या आसपास, चौथी ९.८. भार काढल्यावर तीच चौथी साळसूदपणे १२.४ दाखवते. वर्षभर आम्ही भाराविनाच मोजून "बॅटऱ्या ठीक आहेत" म्हणत होतो. हायड्रोमीटर घातला तर तिच्या एका कप्प्याची घनता १.११, बाकीच्यांची १.२२ च्या वर.

एकच बॅटरी बदलू या, असं माझं म्हणणं. काका म्हणाले, "ताई, म्हाताऱ्या बैलांच्या जोडीला खोंड जुंपायचा नाही." त्यांचं बरोबर होतं. एका ओळीतली नवी बॅटरी जुन्यांच्या आधी भरते, मग जुन्या भरेपर्यंत उकळत राहते, आणि रिकामं होताना जुन्या आधी कोसळतात. पूर्ण बँक काढायची ठरली.

५ फेब्रुवारी

भार मोजला. दिव्यांवर छापलेले वॉट जमेस धरता येतात, बाकी सगळं क्लॅम्प मीटरने घेतलं, म्हणजे वायर जबड्यात धरून प्रवाह दाखवणाऱ्या मीटरने.

जिन्यात ९ वॉटचे २४ दिवे, रात्रभर मिळून २.६ युनिट. कॅमेरे, रेकॉर्डर, राउटर, इंटरकॉम मिळून ११५ वॉट, पण चोवीस तास, म्हणजे पावणेतीन युनिट. दिसायला क्षुल्लक वाटणारा हा भार दिव्यांपेक्षा जास्त खातो, हे आधी पटलं नव्हतं. पंप दीड हॉर्सपॉवरचा, चालताना ८.२ ॲम्पिअर, साधारण १.६ किलोवॉट. दिवसातून दोनदा ४० मिनिटं, म्हणजे दोन युनिटांहून थोडं जास्त.

पंप सुरू होतानाचा झटकाही मोजला, मीटरने १९ ॲम्पिअर दाखवले. ५ केव्हीएचा (हजार व्होल्ट-ॲम्पिअर म्हणजे एक केव्हीए) इन्व्हर्टर पुरेल असा हिशेब केला आणि ऑर्डर दिली. ही या कामातली सगळ्यात महागडी चूक. एप्रिलची नोंद बघा.

११ फेब्रुवारी

लिथियम आयर्न फॉस्फेट सेल ठरवले. ३.२ व्होल्ट, २८० एएच, सोळा एका ओळीत: ५१.२ व्होल्ट, १४.३ युनिट. लिथियममधल्या इतर प्रकारांपेक्षा हा तापून पेट घेण्याच्या बाबतीत शांत. शांत म्हणजे निर्धोक नव्हे, म्हणून जागेवरून वाद झाला. बहुतेकांना जिन्याखालची जागा हवी होती, कारण ती रिकामी आहे. मी अडून बसले. आग लागली तर लोक ज्या वाटेने पळणार, त्याच वाटेवर बॅटरी ठेवायची? शेवटी तळमजल्यावरची अडगळीची खोली मिळाली. दार थेट बाहेर उघडतं. पाणी शिरलं तर म्हणून ३० सेंटिमीटरचा ओटा बांधून घेतला. खोली रिकामी करायलाच दोन दिवस गेले. मोडक्या सायकली कुणाच्याच नव्हत्या, पण हलवायला सगळ्यांचा विरोध.

२० फेब्रुवारी

सेल आले. एकेक ५.४ किलोचा. प्रत्येकावर क्रमांक लिहून व्होल्टेज घेतलं: पंधरा सेल ३.२९ च्या घरात, अकरा नंबरचा ३.२८. या जातीच्या सेलचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं, त्यामुळे त्यावरून तो किती भरलाय ते कळत नाही. अकरा नंबरवर खूण करून ठेवली, पुढे तो काही वाईट निघाला नाही.

एक प्रसंग लिहायलाच हवा. सेल टेबलावर शेजारी शेजारी मांडले होते. काकांच्या हातातला रिंग पाना निसटला आणि दोन टर्मिनलांवर आडवा पडला. फट्ट असा आवाज, निळसर ठिणगी, आणि पाना चिकटून बसला. काकांनी कोपराने ढकलून पाडला. पान्याच्या दांड्यावर मुगाएवढा खड्डा, टर्मिनलच्या कडेवर काळा ओरखडा. तीन व्होल्टचा झटका बसत नाही खरा, पण या सेलमधून हजारो ॲम्पिअर निघू शकतात आणि धातू वितळायला व्होल्ट नाही, ॲम्पिअर लागतात. त्या संध्याकाळी सगळ्या पान्यांना टोकापर्यंत चिकटपट्टी गुंडाळली, उघड्या टर्मिनलांवर प्लास्टिकच्या टोप्या घातल्या. माझ्या बांगड्या आणि काकांचं घड्याळ काम होईपर्यंत बाहेर.

२२ ते २८ फेब्रुवारी

टॉप बॅलन्स, म्हणजे सगळे सेल वरच्या टोकाला समान भरून घेणं. कुठेतरी वाचलं होतं की सगळे समांतर जोडा, ३.६५ व्होल्टवर लावा आणि थांबा. मी तेच केलं, १० ॲम्पिअरच्या पुरवठ्यावर.

तीन दिवस थांबले. व्होल्टेज ३.२९ वरून ३.३१ झालं.

मग कागद घेतला. समांतर जोडल्यावर सोळा सेल मिळून ४,४८० एएच. अंदाजे साठ टक्के रिकामे, म्हणजे २,७०० च्या आसपास भरायचे. १० ने भागलं तर २७० तास, अकरा दिवस. त्यातही पुरवठ्यासोबतच्या वायरी बारीक होत्या, त्यांच्यातच व्होल्टेज खर्ची पडून प्रत्यक्षात ६ ॲम्पिअरच जात होते. हा भागाकार आधी केला असता तर तीन दिवस वाचले असते.

सगळं सोडवलं. सेल एका ओळीत जोडले, बीएमएस (सेलांवर नजर ठेवून गरज पडली तर बॅटरी तोडणारा बोर्ड) लावून इन्व्हर्टरच्याच चार्जरने ४० ॲम्पिअरवर भरले. साडेचार तासांत पहिला सेल ३.६ ला पोचला. तिथे थांबून पुन्हा समांतर जोडणी, पुन्हा तोच छोटा पुरवठा. उरलेलं १४ तासांत भरलं. पुरवठ्याचं व्होल्टेज सेल जोडण्याआधी मोकळ्या टोकांवर मीटर लावून ठरवा. जोडल्यावर पडद्यावर सेलचं व्होल्टेज दिसतं, माणूस गोंधळून बटण वर फिरवतो, आणि शेवटच्या तासात सेल ३.६५ च्या पुढे निघून जातात.

२ मार्च

बीएमएसच्या सतरा बारीक वायरी लावल्या. प्लग घुसवण्याआधी त्याच्या पिनांवर एकेक मोजत गेले: ३.३, ६.६, ९.९... प्रत्येक पायरी सारखी चढायला हवी. नववी आणि दहावी उलटी निघाली. तसाच प्लग घातला असता तर बोर्ड गेला असता. दहा मिनिटांचं काम, कंटाळा करू नका.

४ ते ७ मार्च

सात नंबरचा सेल कमजोर आहे, असं आम्ही तीन दिवस मानत होतो. भार नसताना सोळाही सेल एका रेषेत. १०० ॲम्पिअर काढले की बाकी ३.२२ आणि सात नंबर ३.१७. भरताना उलटं: सात सगळ्यात पुढे पळतो. बदली सेलसाठी निरोपही टाइप केला होता.

पाठवला नाही, कारण काकांनी बसबारवर, म्हणजे सेल जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर, बोटांची मागची बाजू टेकवली आणि झटकन हात मागे घेतला. सहा आणि सातला जोडणारी पट्टी चटका देत होती. तापमापक लावला: तिथे ६१ अंश, बाकीच्या पट्ट्या ३४. मग मीटर मिलिव्होल्टवर टाकून पट्टी आणि टर्मिनल यांच्यामध्ये मोजलं. इतर सांध्यांवर १०० ॲम्पिअरला ४ ते ५ मिलिव्होल्ट, इथे ४८. म्हणजे त्या एका सांध्यात जवळजवळ ५ वॉट उष्णता.

नट काढून पाहिलं. बीएमएसच्या बारीक वायरीचा लग (टोकाची धातूची कडी) पट्टीच्या वर असायला हवा, तो मी पट्टीच्या खाली, थेट टर्मिनलवर ठेवला होता. पातळसा लग, पण त्यामुळे पट्टी एका कडेने उचललेली. सगळा प्रवाह लगच्या चिंचोळ्या गोलातून जात होता. सेल ठणठणीत, सांधा आजारी, आणि सांध्यातली घसरण बीएमएस सेलच्या नावावर मांडत होता.

सगळेच सांधे उघडले. ॲल्युमिनियमच्या टर्मिनलवर हलका हात फिरवून पॉलिश पेपर, स्पिरिटने पुसणं, मग पट्टी, त्यावर लग, वॉशर, नट. टॉर्क पाना सेलच्या कागदावर दिलेल्या आकड्यालाच लावला, कारण हे आटे मऊ असतात. "अजून थोडं" करायची सवय इथे नडते. आता सगळे सांधे ५ मिलिव्होल्टच्या आत आहेत आणि सात नंबर शहाण्यासारखा वागतोय.

९ मार्च

फ्यूज आणि ब्रेकर. काटकसर म्हणून मी आधी दोन ध्रुवांचा साधा एमसीबी (आपोआप पडणारा ब्रेकर) आणला होता, घरच्या डीबीत, म्हणजे विजेच्या वाटप-पेटीत, असतो तसा. काकांनी परत पाठवला. एसी प्रवाह सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो, तेव्हा ठिणगी आपोआप विझते. डीसीला शून्य नाही, ठिणगी ताणली जाते आणि जळत राहते. मग डीसी एमसीबी आणला, तर त्यावर अधिक-उण्याच्या खुणा, म्हणजे एकाच दिशेच्या प्रवाहासाठी. बॅटरीत प्रवाह दोन्ही दिशांनी जातो, भरताना एकीकडे, देताना दुसरीकडे. तोही परत. तिसऱ्या फेरीत बिनदिशेचा मिळाला.

फ्यूज क्लास टी. महाग आहे आणि छोटासा दिसतो, त्यामुळे बैठकीत त्याच्यावर सगळ्यात जास्त प्रश्न आले. या सेलांचा अंतर्गत रोध इतका कमी की सरळ शॉर्ट झाला तर प्रवाह दहा हजार ॲम्पिअरच्या घरात जाऊ शकतो. साधा फ्यूज वितळेल, पण वितळूनही आतून ठिणगी चालू राहील. क्लास टी २०,००० ॲम्पिअर तोडू शकतो. बॅटरीच्या अधिक टोकापासून हातभर अंतरावर बसवला.

ब्रेकर पहिल्यांदा वर केला आणि बीएमएसने लगेच "शॉर्ट सर्किट" म्हणून दार बंद केलं. तीनदा तेच. शॉर्ट नव्हताच. इन्व्हर्टरच्या आतले मोठे कपॅसिटर रिकामे होते आणि ते एका घोटात भरायला गेले की बीएमएसला तो शॉर्टच वाटतो. काकांनी पिशवीतून १०० वॉटचा जुना तारेचा बल्ब काढला आणि ब्रेकरच्या दोन टोकांना क्षणभर लावला. बल्ब तांबूस उजळला, विझत विझत मंद झाला. मग ब्रेकर वर केला, काही आवाज नाही. कायमसाठी त्या जागी ३३ ओहमचा तारेचा रेझिस्टर आणि दाबायचं बटण बसवलंय. तीन सेकंद दाबायचं, मग ब्रेकर. खोलीच्या दारावर तसं मोठ्या अक्षरांत लिहिलंय.

१५ मार्च

इन्व्हर्टर आणि बीएमएस एकमेकांशी बोलेनात. पडद्यावर "बॅटरी सापडत नाही". केबल नेटवर्कची नेहमीचीच, दोन्हीकडे तेच सॉकेट, आणि हीच फसगत: सॉकेट सारखं, पण कोणत्या पिनवर कोणता सिग्नल ते दोघांचं वेगळं. दोन्ही पुस्तिका शेजारी ठेवून केबलचं एक टोक कापलं आणि नव्याने क्लिप केलं. पाऊण दिवस गेला.

सेटिंग: भरण्याचं टोक ५६ व्होल्ट, म्हणजे सेलमागे ३.५. छापलेली मर्यादा ३.६५ असली तरी त्या शेवटच्या टप्प्यात वीज नगण्य भरते आणि सेल मात्र वाकडेतिकडे पळतात. खालचं टोक ४८, सेलमागे ३. बीएमएसचं स्वतःचं तोडणं याच्याही खाली ठेवलंय. इन्व्हर्टरने शिस्तीत बंद व्हावं, बीएमएसने फक्त अपघातात हात घालावा.

२१ ते २५ मार्च

इथे गाडी रुतली. बॅकअपच्या सर्किटांसाठी नवी डीबी, तिच्यावर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे गेलेला आणि परत आलेला प्रवाह जुळला नाही की वीज तोडणारा स्विच. कॅमेरे चालू झाले, इंटरकॉम चालू झाला. जिन्यातले दिवे लावले की आरसीसीबी खाडकन खाली.

पहिला दिवस: मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) ५०० व्होल्टवर इन्सुलेशन तपासलं, चांगलं. दिवे काढून पाहिले, चांगले. दुसरा दिवस: आरसीसीबीच खराब असेल म्हणून बदलला. नवाही पडला. जिन्याची तीन सर्किटं वेगळी केली तेव्हा कळलं की दोषी फक्त दुसऱ्या मजल्याचं.

"आरसीसीबी काढून टाकू, आधी कुठे होता?" असा सल्ला खालून तीन जणांनी दिला. आधी नव्हता म्हणूनच दोष इतकी वर्षं दिसला नव्हता.

तिसऱ्या दिवशी ते सर्किट पुन्हा जुन्या डीबीवर नेलं, म्हणजे पडणार नाही, आणि क्लॅम्प मीटरच्या जबड्यात फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रल (परतीची वायर) दोन्ही एकत्र धरले. गेलेलं सगळं परत येत असेल तर शून्य दिसायला हवं. दिसले ०.०९ ॲम्पिअर. दोन एलईडी दिवे घेतात तेवढे, नेमके. म्हणजे गळती नव्हती, दोन दिव्यांचा प्रवाह दुसऱ्याच वाटेने घरी जात होता.

कुठल्या, ते शोधायला सगळी वीज बंद करून न्यूट्रलच्या वायरी पट्टीवरून एकेक सोडवल्या आणि आपापसात जोडलेल्या आहेत का ते पाहिलं. दुसऱ्या मजल्याच्या दिव्यांचा न्यूट्रल पंपघराच्या दिव्याच्या न्यूट्रलशी बोलत होता. वळणावरच्या दिव्यामागचा डबा उघडला: चिकटपट्टीचा वितळून काळा डिंक झालेला, त्यात तीन वायरींची पिळलेली शेंडी, आणि त्यातली एक सरळ खाली पंपघराकडे. कधीतरी कुणाला वरून न्यूट्रल ओढता आला नाही म्हणून जवळचा उसना घेतला होता. काका डब्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हे माझं नाही."

उसना का घेतला तेही समजलं. पाइपात सिमेंट उतरून घट्ट झालं होतं, आमचीही वायर जाईना. भिंतीवरून केसिंग पट्टी टाकून नवा न्यूट्रल नेला. दिसायला बरं नाही, पण दिवे लागले आणि आरसीसीबी उभा राहिला.

हे केवळ ट्रिपचं दुखणं नव्हतं. बाहेरची वीज गेलेली, मेन बंद, कुणी पंपघरात काम करतोय, आणि इन्व्हर्टरवर चाललेल्या दिव्यांचा प्रवाह त्याच्या हातातल्या "मेलेल्या" न्यूट्रलमधून जातोय. त्याने तो सोडवला की टोक जिवंत.

तुमच्याकडे जुनी इमारत असेल तर सेल मागवण्याआधी फक्त ही जबड्यातली तपासणी करून घ्या. प्रत्येक सर्किटला दोन मिनिटं.

२८ मार्च

मेन बंद करून इन्व्हर्टरवर मोजमाप. फेज ते अर्थिंग ११८ व्होल्ट, न्यूट्रल ते अर्थिंग ११२. म्हणजे बॅटरीवर असताना न्यूट्रल तरंगता. वीज असते तेव्हा तो बाहेरच्या यंत्रणेत जमिनीशी बांधलेला असतो. इन्व्हर्टरने स्वतःला बाहेरून तोडलं की तो बंधही तुटतो.

याचा अर्थ, बॅटरीवर असताना फेज एखाद्या धातूच्या खोक्याला लागला तर प्रवाहाला परतीची वाट नाही, आणि आरसीसीबी पडणार नाही. त्याचं टेस्ट बटण मात्र दाबलं की पडतं! ते बटण अर्थिंग वापरतच नाही, फेज आणि न्यूट्रलच्या मधूनच आत खोटी गळती करतं. बटणावर विसंबलो असतो तर सगळं आलबेल म्हणून दार लावलं असतं. काकांच्या टेस्टरने फेजमधून खरोखर अर्थिंगकडे ३० मिलिॲम्पिअर सोडायचा प्रयत्न केला तेव्हा आरसीसीबी ढिम्म.

इन्व्हर्टरमध्ये यासाठी रिले असतो: फक्त बॅटरीवर असताना न्यूट्रल आणि अर्थिंग जोडणारा. सेटिंगमध्ये तो बंद होता, चालू केला. पुन्हा टेस्टर लावला, आता ३०० मिलिसेकंदांच्या कितीतरी आत पडतो. वीज असताना हा बंध सुटतो ना, तेही मोजलं, कारण दोन ठिकाणी बंध झाला तर न्यूट्रलचा प्रवाह अर्थिंगमधून फिरायला लागतो. यातले नियम देशागणिक वेगळे आहेत. हे काम परवानाधारकाकडूनच करून घ्या.

५ ते १७ एप्रिल

पंप. बॅटरीवर सुरू केला, "हूं" असा आवाज आला आणि सगळा जिना काळा. कॅमेऱ्यांसकट. इन्व्हर्टर अतिभाराने बंद.

फेब्रुवारीतले ते १९ ॲम्पिअर. साध्या क्लॅम्प मीटरचा पडदा सेकंदात दोन-तीनदाच बदलतो, झटका तोवर ओसरलेला असतो. काकांच्या ओळखीतून झटका पकडणारा मीटर आणला. ४३ ॲम्पिअर, म्हणजे जवळजवळ १० केव्हीए. इन्व्हर्टर दुप्पट भार क्षणभर पेलतो असं पुस्तिका म्हणते, आम्ही नेमके त्या कड्यावर उभे होतो.

आधी सॉफ्ट स्टार्टर घेतला, सुरुवातीला मोटरला कमी व्होल्टेज देणारा. झटका २७ वर आला, पण पंप कधी फिरे, कधी नुसता गुरगुरे. कपॅसिटरवर चालणाऱ्या एक-फेजच्या मोटरला व्होल्टेज कमी दिलं की तिचा उठण्याचा जोरच जातो. पाच दिवस आणि एक कपॅसिटर गेला.

मग मोटर बदलली: तीन-फेजची, आणि तिच्यापुढे एक-फेज घेऊन तीन-फेज देणारा व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र. आता सुरू होताना प्रवाह ९ च्या वर जात नाही. व्हीएफडीच्या फिल्टरची थोडी गळती कायम असते, त्यामुळे सामाईक आरसीसीबी अधूनमधून पडायचा. पंपाला वेगळं सर्किट आणि व्हीएफडीच्या पुस्तिकेत सांगितलेला बी प्रकारचा आरसीसीबी दिला.

पंप आता ४४ हर्ट्झवर चालवतो. भार १.६ वरून १.१५ किलोवॉटवर आला, टाकी ४० ऐवजी ५५ मिनिटांत भरते. गुणाकार करून बघा, विजेची बचत जवळपास शून्य. पाणी तेवढंच, उंचीही तीच. फायदा इतकाच की इन्व्हर्टरवर एका वेळचा बोजा हलका. बॅटरी ५० टक्क्यांखाली गेली की पंप सुरूच होणार नाही असा रिलेही लावला, कारण गच्चीवरची भरलेली टाकी अर्धा दिवस काढते, पण रात्री काळा जिना पाच मिनिटंही नको.

२० एप्रिल

मोठी परीक्षा. संध्याकाळी सहाला मेन बंद केला. पडद्यावर ३४ टक्के शिल्लक असताना इन्व्हर्टर ४८ व्होल्टला पोचून बंद झाला. सेल बघितले तर खरोखरच रिकामे. सेल नाही, मोजणारा खोटा.

बीएमएस आत-बाहेर जाणारा प्रवाह मोजून शिल्लक ठरवतो, पण आमचा साधारण १ ॲम्पिअरच्या खालचा प्रवाह मोजतच नाही. इन्व्हर्टर नुसता जागा राहायला ५५ वॉट खातो, म्हणजे एक ॲम्पिअरच्या काठावर. दिवसाला १.३ युनिट, हिशेबाबाहेर. मागचे काही दिवस चाचण्यांसाठी चार्जर बंद ठेवला होता, तेवढ्यात फरक साचत गेला. उपाय: पंधरा दिवसांतून एकदा ५६ व्होल्टपर्यंत पूर्ण भरायचं, तिथे आकडा आपोआप १०० ला बसतो. दुसऱ्या परीक्षेत पंपाच्या दोन फेऱ्या धरून २६ तास चाललं.

९ मे

खोलीत ४१ अंश. बाहेर हवा फेकणारा पंखा बसवला. वीज गेली तेव्हा पंखाही गेला. मीच त्याला जुन्या डीबीवरून वीज दिली होती. यावर जास्त लिहीत नाही.

१२ मे

खर्च. सेल ३८ टक्के. इन्व्हर्टर २२. मोटर आणि व्हीएफडी १२, पहिल्या अंदाजात हे शून्य होतं. फ्यूज, ब्रेकर, वायरी, पट्ट्या, डीबी मिळून ११. मजुरी १२, त्यातली निम्मी न्यूट्रलच्या शोधात. उरलेले ५ वाया: सॉफ्ट स्टार्टर, कपॅसिटर, जास्तीचा आरसीसीबी, दोनदा परत पाठवलेल्या मालाचं भाडं.

१७ जून

रात्री २.४० ला खरी वीज गेली, सकाळी ७.१५ ला आली. कॅमेऱ्याच्या चित्रणात एक फ्रेमही तुटलेली नाही. जिना उजळलेला. सकाळी बॅटरी ८९ टक्के.

साडेतीनला फोन वाजला. रात्रपाळीहून आलेली शेजारीण फाटकाबाहेर स्कूटर घेऊन उभी. फाटक मोटरचं आहे, आणि ते माझ्या ५ फेब्रुवारीच्या यादीतच नव्हतं. खाली जाऊन हाताने सोडवायची किल्ली शोधली, ती अडगळीच्या खोलीतून सायकलींबरोबर कुठेतरी गेलेली. शेवटी तिने स्कूटर बाहेरच लावली आणि बाजूच्या छोट्या दारातून आत आली. जिन्यात वर जाताना म्हणाली, "दिवे मात्र छान लागलेत."

२१ जून

फाटकाला नवी वायर. काकांनी आधी जबड्यात दोन्ही वायरी धरून पाहिलं. शून्य.